तीन गुंजांचा हिशेब

शाळेत उजळणी आम्ही उभ्याने म्हणायचो, एका सुरात, डोलत. एकं, दहं, शतं, सहस्र, दशसहस्र, लक्ष, दशलक्ष, कोटी, दशकोटी, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य, परार्ध. परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्ये. तिथे मास्तर थांबायचे, म्हणून आम्हीही थांबायचो. गोव्यातल्या सर्वणसारख्या गावात कोटीच्या पुढचे कोणाला काय लागणार? खाणी जोरात होत्या तेव्हा डिचोलीच्या बाजारात कोटींच्या गोष्टी कानावर यायच्या. पण अब्जापासून पुढची सगळी मंडळी आयुष्यभर बिनकामाची बसून होती. शंकू, जलधी, अंत्य यांना काम लागलेले मी पाहिले ते साठी उलटल्यावर. आणि तेही जेमतेम तीन गुंजा वजनाच्या वायूमुळे.

गुंज आता सोनाराकडेही दिसत नाही. एका तोळ्याच्या ९६ गुंजा. तीन गुंजा म्हणजे ग्रॅमचा साधारण तिसरा हिस्सा; उकड्या तांदळाचे पंधराएक दाणे तळहातावर घ्या, तेवढे वजन. एवढा वायू, तोही हायड्रोजनच्या दोन जड भावंडांचा, ड्युटेरियम आणि ट्रिटियमचा. तो कोंडून ठेवण्यासाठी दक्षिण फ्रान्समध्ये कादाराशला जे यंत्र उभे राहते आहे त्याचे वजन २३,००० टन. मांडवीतून खनिज वाहणारी दोन हजार टनी बार्ज डोळ्यांपुढे आणा, आणि तशा अकरा-बारा बार्जी एकीला एक लावून उभ्या करा. यंत्राचे नाव इटर, या वायूची केंद्रके एकमेकांत मिसळवून ऊर्जा काढण्यासाठीचे. भारत त्यात २००५ पासून भागीदार आहे. यंत्राला बाहेरून वेढणारे ३,८५० टनांचे पोलादी भांडे, क्रायोस्टॅट, आपल्याच देशाच्या वाट्याचे. त्याचे भाग सुरतेजवळच्या हजिऱ्यात तयार होऊन बोटीने गेले.

आत पोकळी आहे ती काकणाच्या आकाराची. पोदेराकडे पावाबरोबर मिळते ते कडक काकण, बरोबर तसेच. फक्त आत वायूसाठी ८४० घनमीटर जागा. आमच्या छपरावर हजार लिटरची पाण्याची टाकी आहे, तशा ८४० टाक्या. या सगळ्या पसाऱ्यात तीन गुंजा वायू पसरलेला, म्हणजे तो भोवतालच्या हवेपेक्षा अडीच लाख पटींनी विरळ. तरीही त्यातले इलेक्ट्रॉन मोजायला गेलो तर घनमीटरला एकावर वीस शून्ये, आणि एकूण होतात आठ लाख परार्ध. मास्तर जिथे थांबले तो आकडा इथे सुटे पैसे म्हणून वापरायचा!

तापमान १५ कोटी अंश. शिरगावच्या जत्रेत होमखणाच्या निखाऱ्यांवरून धोंड, म्हणजे व्रत धरलेले भक्त, चालत जातात, ते निखारे फार तर हजार अंशांच्या आसपास. सूर्याच्या गाभ्यात दीड कोटी. आकडा ऐकून माणसाला वाटते की या काकणात केवढा प्रलय कोंडलेला असेल. तर नाही. इटरचा वायू पूर्ण तापला की त्यात साठलेली उष्णता भरते सुमारे ३५ कोटी ज्यूल. वीजबिलाच्या भाषेत ९७ युनिट. आमच्या घरी पावसाळ्यात, पंखे बंद असतात तेव्हा, महिन्याला साधारण एवढीच वीज जळते.

खरा प्रश्न ही ९७ युनिट किती वेळ टिकतात हा आहे. इटरसाठी धरलेले उत्तर आहे सुमारे पावणेचार सेकंद. तेवढ्यात ही सगळी उष्णता गळून जाते, आणि तितक्याच वेगाने नवी भरावी लागते. हा आकडा दुप्पट झाला तर यंत्र लहान करता येईल. निम्मा झाला तर २३,००० टन पोलाद उभारून हाती फारसे काही लागणार नाही. बाहेरून ५ कोटी वॅट देऊन आतून ५० कोटी वॅट काढायचे, ही इटरची सगळी प्रतिज्ञा या पावणेचार सेकंदांवर टांगलेली आहे.

मग उष्णता गळते कशी?

आमच्याकडे अजून सकाळी चुलीवर पेज होते. मडके तापू लागले की तळाला कढत आणि वर कोमट. थोडा वेळ सगळे निवांत दिसते. मग तळातून एक शीत वर येते, बाजूने दुसरे खाली जाते, आणि बघता बघता आख्खे मडके गुबगुबू लागते. ढवळायला कोणी गेलेले नसते. खाली-वरचा तापमानातला फरक एका हद्दीपलीकडे गेला की पाणी स्वतःच उष्णता उचलून वर नेऊ लागते. पेजेच्या मडक्यात हा फरक वितीभर खोलीत फार तर साठ-सत्तर अंशांचा. इटरच्या काकणात मध्यापासून कडेपर्यंत अंतर दोन मीटर, आणि फरक १५ कोटी. भागाकार केला तर दर मिलिमीटरला ७५,००० अंश! आणि भिंतीपलीकडे काही मीटरवर जे चुंबक आहेत ते उणे २६९ अंशांवर गोठवलेले. इतकी उभी उतरण डोळ्यांपुढे आणणेही अवघड. त्या उतरणीवर वायूने गप्प बसावे ही अपेक्षाच चुकीची.

वायूला धरून ठेवते ते चुंबकीय क्षेत्र. त्याच्या रेषा काकणाच्या अंगाने पीळ घेत फिरतात, आणि प्रत्येक कण आपापल्या रेषेभोवती गिरक्या घेत राहतो. ड्युटेरियमच्या केंद्रकाच्या गिरकीची त्रिज्या सुमारे ३ मिलिमीटर, सेकंदाला ४ कोटी गिरक्या. इलेक्ट्रॉन ३,६७० पटींनी हलका. म्हणून त्याची गिरकी साठपट लहान, ०.०५ मिलिमीटरची, आणि गिरक्या सेकंदाला दीड निखर्व. कण एकमेकांवर आपटून रेषा बदलतात तेवढीच गळती असती तर इटरपेक्षा पुष्कळ लहान यंत्राने भागले असते. प्रत्यक्ष यंत्रांत मोजली तेव्हा गळती त्या हिशेबाच्या दहापट आणि कधी त्याहून अधिक निघाली.

कारण पेजेसारखेच, फक्त गुबगुबणे सेंटिमीटर-मिलिमीटरचे. काकणाच्या बाहेरच्या कडेला एखाद्या ठिकाणी कढत वायूचा किंचित फुगवटा आला असे धरा. क्षेत्र वाकडे असल्याने केंद्रके आणि इलेक्ट्रॉन उभ्या दिशेने, एक वर आणि एक खाली, असे सरकतात. कढत असतील ते जास्त सरकतात. त्यामुळे फुगवट्याच्या दोन बाजूंना उलटसुलट विद्युतभार साठतो, त्यातून विद्युतक्षेत्र तयार होते, आणि ते क्षेत्र फुगवट्याला आणखी बाहेर ढकलते. तो वाढतो, मग भोवरा होतो. काकणाच्या आतल्या कडेला हाच प्रकार उलटा चालतो, फुगवटा परत ढकलला जातो, म्हणून भोवऱ्यांची वस्ती मुख्यतः बाहेरच्या अंगाला. गाभ्यातली घनता यामुळे हलते ती शेकडा एकाच्या आसपास. पाहणाऱ्याला वाटेल, काहीच होत नाही. पण पावणेचार सेकंदांचा हिशेब तेवढ्यानेच ठरतो.

हे भोवरे आतून पाहायची सोय नाही. १५ कोटी अंशांत थर्मामीटर घालता येत नाही. लेसर आणि सूक्ष्मलहरींनी बाहेरून चाचपता येते, पण पुरते चित्र हवे तर गणिताने उभे करावे लागते. इथे आकडे खरे वेडे होतात.

सगळ्यात भाबडा मार्ग आधी करून पाहू. केंद्रके सोडून देऊ, नुसते आठ लाख परार्ध इलेक्ट्रॉन धरू. प्रत्येकाचा प्रत्येकाशी ओढाताणीचा संबंध, म्हणजे जोड्या किती? परार्धाला परार्धाने गुणा, आणि आलेल्याला पुन्हा तीन निखर्वांनी. एका जोडीला एकच आकडेमोड पुरते असे मोठ्या मनाने धरू. २०२४ च्या नोव्हेंबरात जगात पहिल्या क्रमांकावर आलेला संगणक एल कॅपिटन, कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेतला. तो सेकंदाला सतरा परार्ध आकडेमोडी करतो. त्याला हे काम दिले तर विश्वाचे आजवरचे वय १,३८० कोटी वर्षे, त्याच्या चारशे कोटी पट वेळ लागेल. आणि एवढे करून मिळेल काय, तर एका क्षणाचे चित्र. पुढचा क्षण मांडायला पुन्हा पहिल्यापासून, आणि असे क्षण एका सेकंदात निखर्वावारी.

(हे गुणाकार मी वहीच्या मागच्या पानावर पेन्सिलीने केले. मधेच वीज गेली, अर्धा तास आली नाही. एल कॅपिटनच्या मानाने तो अर्धा तास म्हणजे तीस हजार परार्ध आकडेमोडी, हे उगीचच मनात येऊन गेले.)

अर्थात असा हिशेब कोणी करत नाही. या विद्येतली सगळी हुशारी काय मोजायचे नाही ते ठरवण्यात आहे. जत्रेतली कागदी भिंगरी वाऱ्यावर फिरू लागली की तिच्या पाती दिसत नाहीत, एक चकती दिसते. भिंगरी कुठे चालली आहे एवढेच हवे असेल तर चकती धरून चालते. पाती मोजायची गरज नाही. कणाच्या गिरकीचेही तसेच. गिरकीवर कण नेमका कुठे आहे ते सोडून द्यायचे आणि कणाऐवजी कडे धरायचे. १९६०च्या दशकाच्या अखेरीपासून ही कल्पना मुरत होती. १९८२ साली एडवर्ड फ्रीमन आणि लिऊ चेन यांनी तिची समीकरणे पूर्ण रूपात मांडली. त्यांना जायरोकायनेटिक समीकरणे म्हणतात. एरवी कणाची सहा मापे ठेवावी लागतात, तीन जागेची आणि तीन वेगाची. इथे पाच उरतात. एक माप गेले हे ऐकायला किरकोळ, पण त्याच्याबरोबर सेकंदाच्या दीड निखर्व गिरक्याही गेल्या.

पाच मापांचे तरी काय होते ते पाहा. काकणातला एकच पिळाचा पट्टा घेतला आणि त्यावर जाळे टाकले: आडवे २५६ ठिपके, उभे १२८, रेषेच्या लांबीला ३२, रेषेवरच्या वेगाचे ४८, कड्याच्या आकाराचे १६. आकडे एकेकटे किती साधे, शाळेच्या वहीत मावणारे. गुणाकार मात्र ८०,५३,०६,३६८. ऐंशी कोटी ठिपके, आणि पाऊल पुढे पडले की दरेकाचा हिशेब नव्याने. अशी पावले हजारोंनी.

हे झाले केंद्रकांच्या मापाचे भोवरे, सेंटिमीटरच्या घरातले. इलेक्ट्रॉनांचे स्वतःचे भोवरे निराळे, साठपट बारीक. ते पकडायचे तर जाळे आडवे साठपट दाट, उभे साठपट दाट, आणि पावलेही साठपट आखूड. साठ गुणिले साठ गुणिले साठ, दोन लाख सोळा हजार. पहिल्या जाळ्याला एक दिवस लागत असेल तर दुसऱ्याला ५९१ वर्षे. पोर्तुगीजांचा अफोन्सो द अल्बुकर्क मांडवीत शिरला १५१० साली. त्याच्याही पाऊणशे वर्षे आधी मांडलेले गणित आता कुठे उरकले असते. म्हणून पुष्कळ काळ लोकांनी एक लबाडी केली, आणि ती उघड सांगून केली. इलेक्ट्रॉन मुद्दाम जड धरायचा. ३,६७० ऐवजी ४०० पटीच हलका धरला तर साठाच्या जागी वीस येतात, आणि काम सत्तावीसपट स्वस्त होते.

आणि खरे तर इलेक्ट्रॉनांच्या भोवऱ्यांकडे बघायचेच कशाला, असे म्हणणारेही होते. त्यांचे गणित चोख होते. भोवरा साठपट लहान, म्हणजे उष्णतेचे पाऊल साठपट आखूड. भटकण्यात पावलाचा वर्ग मोजला जातो, म्हणून ३,६०० पट तोटा. पावले साठपट भरभर पडतात, तेवढा नफा. भागाकार करून इलेक्ट्रॉनांच्या भोवऱ्यांनी नेलेली उष्णता साठाव्या हिश्शाएवढी. कोण लक्ष देतो?

पण किर्द आणि खतावणी जुळत नव्हती. अमेरिकेत एमआयटीमध्ये अल्केटर सी-मॉड नावाचे यंत्र होते. त्यात केंद्रकांच्या वाटेने जाणारी उष्णता सिम्युलेशनशी जुळायची. इलेक्ट्रॉनांच्या वाटेने मात्र मोजमापात भरपूर जास्त निघायची. गळत होते, आणि कोठून ते वहीत सापडत नव्हते. शेवटी नेथन हॉवर्ड आणि त्याच्या सहकाऱ्यांनी लबाडी सोडून खऱ्या वजनाचा इलेक्ट्रॉन धरला आणि दोन्ही मापांचे भोवरे एकाच जाळ्यात घेतले. कॅलिफोर्नियातल्या एडिसन संगणकाचे १७,००० कोर, ३७ दिवस, अहोरात्र. एकाच सिम्युलेशनला दीड कोटी कोर-तास. एवढे करून हाती आलेला काळ सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी.

त्यात चोर सापडला. इलेक्ट्रॉनांचे भोवरे गोल राहत नव्हते. ते बाहेरच्या दिशेने लांबत जाऊन बोटासारख्या धारा होत होत्या. रुंदीला केसाच्या हिशेबाचे, पण लांबीला कितीतरी जास्त. पाऊल आखूड, हे गृहीतकच कोसळले. काही ठिकाणी, नुसत्या मोठ्या भोवऱ्यांच्या हिशेबाने जेवढी उष्णता जायला हवी तिच्या दहापटीपर्यंत जात होती. २०१६ साली हे छापून आले तेव्हा वहीतली तूट बऱ्याच अंशी भरून निघाली.

याच सुमारास जपानात शिन्या माएयामा आणि मंडळींनी के संगणकावर दोन्ही मापे एकत्र घेतली होती, आणि त्यांना उलट्या अंगाची गोष्टही दिसली: मोठे भोवरे जोरात असतील तर ते बारक्यांना फाडून संपवतात. भोवऱ्यांतून आडवे वाहणारे पट्टे तयार होतात, आणि तेच पट्टे भोवऱ्यांना कातरतात, हे झीहाँग लिन यांच्या गटाने १९९८ मध्येच दाखवले होते. म्हणजे वायू स्वतःच उकळतो आणि स्वतःच काही अंशी झाकण ठेवतो. पेजेला हे जमत नाही. ती उतू जाते.

आपल्याकडचा धागा पुण्यातून जातो. अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे विजय भटकर यांनी सी-डॅकमध्ये उभा केलेला परम ८०००, साल १९९१. त्याचा वेग अब्जाच्या घरातला. तेव्हा ते केवढे अप्रूप होते हे ज्यांना आठवते त्यांनाच कळेल. गोव्यातल्या वर्तमानपत्रांनीही कौतुकाने छापले होते. एडिसनवरची ती ३७ दिवसांची मजल परम ८००० वर मारायची म्हटली असती तर हजारो वर्षे लागली असती. यात परमचा कमीपणा काही नाही, गणितच तसे राक्षसी.

आणि अहमदाबाद-गांधीनगरच्या मधे भाट गावात प्लाझ्मा संशोधन संस्था आहे, आयपीआर. तिथे १९८९ पासून आदित्य नावाचे आपल्या देशात घडवलेले यंत्र चालते. २०१६ मध्ये त्याचे नवे रूप झाले, आदित्य-यू. मोठ्या वर्तुळाची त्रिज्या पाऊण मीटर, काकणाच्या जाडीची पाव मीटर. आकारमान काढले तर एक घनमीटरही भरत नाही. इटर ८४० टाक्यांचे, आदित्य आमच्या छपरावरच्या एका टाकीएवढे. त्या टाकीतल्या भोवऱ्यांचेही जायरोकायनेटिक सिम्युलेशन झाले आहे, बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या आणि आयपीआरमधल्या संशोधकांनी केलेले. आयपीआरच्या संगणकाचा शिखरवेग सेकंदाला एकावर पंधरा शून्ये एवढ्या आकडेमोडींचा. त्याचे नाव ठेवले आहे अंत्य. ते वाचले तेव्हा मी खुर्चीतून उठलोच. एकावर पंधरा शून्ये! महापद्म, शंकू, जलधी, अंत्य. कोणीतरी उजळणी पाठ केलेला माणूस त्या खोलीत बसला होता खास.

परवा नात सुट्टीला आली होती, नववीतली. चहात काकण बुडवत माझ्या वहीत डोकावली.

“आजोबा, ही एवढी शून्ये कसली?”

सांगितले. काकण हातात होतेच, त्यावरच बोट फिरवून रेषा, गिरक्या, भोवरे दाखवले. अख्खे काकण, केंद्रकांचे भोवरे, इलेक्ट्रॉनांचे भोवरे, सगळे एकत्र आणि पूर्ण पावणेचार सेकंद, एवढा हिशेब अजून जगात कुठल्याच यंत्रावर झालेला नाही, हेही सांगितले. तिने काकण मोडले, चहात बुडवले आणि थोडा वेळ खात राहिली.

“मग त्या वायूला स्वतःला हे सगळं करायला किती वेळ लागतो?”

“पावणेचार सेकंद.”